कॅन्यन रद्द, काकू हजर

सकाळी सहाला हवामानाचा इशारा पाहिला: दुपारनंतर गडगडाटी पाऊस. मी सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये गाइडचं काम करतो. त्या दिवशी चौघांना एम्प्रेस कॅन्यनमध्ये उतरवायचं होतं. वालुकाश्मात पाण्याने पाडलेली ही अरुंद चीर. शेवटी तीसेक मीटर धबधब्यातून दोरावर खाली यायचं. वर कुठेतरी पाऊस कोसळला की आत पाणी चढतं आणि बाजूला व्हायला जागाच नसते. रद्द केलं.

मंडळी मराठीच, सिडनीतल्या पॅरामॅटाची. आकाश निळंशार, त्यामुळे चिडणं साहजिक होतं. म्हटलं, ग्लेनब्रुकला रेड हँड्स केव्ह दाखवतो, गाडी जवळपर्यंत जाते, दोनला परत निघू. "मग आईलाही घेऊ," मुलगी म्हणाली. काकू साताऱ्याहून आलेल्या. पाचवारी खोचलेली, पायात जावयाचे जुने स्पोर्ट्स शूज.

ग्लेनब्रुकचा ओढा कॉजवेवरून ओलांडावा लागतो, आपल्याकडच्या फरशी पुलासारखाच.

गुहा म्हणजे खरं तर कपार. इथल्या मूळ रहिवासी धारुग लोकांचा हा मुलूख. भिंतीवर हातच हात: लाल बरेच, काही पांढरे. ५०० ते १६०० वर्षांपूर्वीचे असावेत असा अंदाज आहे. गोऱ्यांच्या नजरेस ते १९१३ मध्ये पडले. नासधूस होऊ नये म्हणून समोर संरक्षक कुंपण आहे.

"बेंदराला बैलाच्या अंगावर गेरूचे हात उमटवतो, तसंच की हे!" काकू म्हणाल्या.

रंग गेरूचाच, हे मी कबूल केलं. पण इथं काही हात थेट दाबलेले, तर काहींची रीत उलटी: हात दगडावर टेकवायचा, पाण्यात कालवलेला गेरू तोंडाने त्यावर फुंकायचा आणि हात उचलायचा. काकूंनी तळवा हवेत धरला, एक डोळा मिटला आणि एका चिमुकल्या हातावर माप लावलं. "हे पोर सात-आठ वर्षांचं, बघा. हलू नये म्हणून मनगट कुणीतरी धरलं असणार."

दीडशे वेळा तरी इथं आलो असेन, त्या मनगटाचा विचार कधी केला नव्हता.

खाली ओढ्याकाठच्या खडकावर दगडी कुऱ्हाडी घासून पडलेल्या खाचा आहेत. काकूंनी एकीत बाटलीतलं पाणी ओतलं, बोट फिरवलं आणि विळा पाजळायच्या दगडाची गोष्ट सुरू केली. मी ऐकत बसलो. दोन कधीच वाजून गेले होते.

दोन चाळीसला निघालो, तोच टपोरे थेंब. फरशीवर पोचलो तेव्हा वरून गढूळ पाणी चाललं होतं.

"पोटरीएवढंच आहे. गाडी मोठी आहे, घाला," जावई म्हणाले.

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "जावईबापू, आमच्या फरशीवरनं जीप गेलीय वाहून. बसा बघू."

बसलो. काकूंच्या पिशवीतून भाकरी निघाली, लसणाची चटणी निघाली, शेंगदाण्याचे लाडूही निघाले. कॅन्यनचे पैसे परत मिळणार का, हे जावयांनी दुसऱ्या लाडवानंतर विचारायचं सोडलं. पाणी उतरायला संध्याकाळचे सव्वासहा झाले.

रात्री ऑफिसला अहवाल दिला: निघायला चाळीस मिनिटं उशीर, चूक गाइडची. सीटवर सांडलेल्या चटणीचं लिहिलं नाही.