द्राक्षगटाचे नियम पुन्हा लिहिताना

सांगलीच्या तासगाव-पलूस पट्ट्यात ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षाच्या व्हॉट्सॲप गटात दिवसभर फोटो पडतात. नियम बदलायचे तर छाटणीआधीच. फुलोऱ्यात वाचायला कुणाला सवड नसते.

‘सभ्यपणे बोला’ असले नियम कामाचे नाहीत. फोटोसोबत काय हवं ते लिहा: वाण, छाटणीची तारीख, शेवटची फवारणी आणि पानाच्या दोन्ही बाजू. डाऊनी या रोगाची पांढरी बुरशी पानाखाली असते, वरून दिसतो नुसता तेलकट पिवळा डाग. एकाच बाजूचा फोटो आला की जो तो वेगळं औषध सुचवतो. सुचवणाऱ्यानेही दर लिटरचं प्रमाण आणि काढणीपूर्व कालावधी (फवारणीनंतर किती दिवस काढणी करायची नाही ते) लिहायचा, कारण निर्यातीच्या बागेत रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, निघाला तर माल नाकारला जातो. ‘एक पुडी मारा, काम होतंय’ हा सल्ला उडवायचाच.

मेसेज उडवला की कोणत्या ॲडमिनने उडवला ते सगळ्यांना दिसतं. म्हणून कारण एका ओळीत लगेच टाका, नाहीतर भावकीची भांडणं गटात येतात. औषध दुकानदार गटात राहू द्यात, पण नावातच दुकान दिसलं पाहिजे.

फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल अशी ‘फक्त ॲडमिन’ सेटिंग रात्रीपुरती ठीक. कायम ठेवली तर गट मरतो.

राहिली सदस्याच्या मेसेजवरून ॲडमिनवर केस होण्याची भीती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय, की सदस्याच्या मेसेजसाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही. ॲडमिन आणि सदस्याचं संगनमत असेल तर गोष्ट वेगळी.