हतनूर ते पाल, मोतीसोबत: तिसरी फेरी

जळगाव जिल्ह्यात पक्षी-प्राणी बघायची, या हिवाळ्यातली आमची ही तिसरी फेरी. चार दिवस, तीन मुक्काम. जुन्या व्हॅनच्या मागच्या सीट काढून फळीचा पलंग ठोकलाय, खाली पाण्याचे कॅन, हीच आमची कॅरॅव्हॅन. मी, धाकटा भाऊ आणि मोती. मोती म्हणजे आमचा गावरान कुत्रा, साडेतीन वर्षांचा.

मागच्या फेरीची चूक आधी लिहितो. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाजवळ मोतीला लांब दोरीवर घेऊन काठाने चाललो होतो. तो भुंकलाही नाही, नुसता थबकून उभा राहिला, आणि पट्टकादंबांचा, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या रानहंसांचा, अख्खा थवा उठून गेला. हजारो किलोमीटर उडून आलेले पक्षी आपल्यामुळे उठावेत, याचं फार वाईट वाटलं. जाळं आवरणारे एक काका म्हणाले, "कुत्र्याले गाडीत ठेव भाऊ, गाडीले पाखरं भीत नाहीत."

या वेळी तेच केलं. हतनूर धरणाच्या फुगवट्याच्या काठाला संध्याकाळीच गाडी आडवी लावली, मोतीला पाण्यापासून लांब, शेताच्या बाजूला फिरवून आणलं आणि मग सकाळपर्यंत दार उघडलं नाही. काच चार बोटं खाली, पडद्याला वीतभर फट. उजाडलं तेव्हा चक्रवाकाची जोडी गाडीपासून वीस पावलांवर चरत होती. वारकरी (काळे पाणपक्षी) मोजता येणार नाहीत इतके. कवड्या धीवर (काळा-पांढरा खंड्या) एका जागी पंख फडफडवत थांबायचा आणि दगडासारखा खाली यायचा. पट्टकादंब ३७, डोक्यामागचे दोन्ही काळे पट्टे दुर्बिणीविना दिसले.

दुसरा मुक्काम रावेरकडे, ओळखीच्यांच्या केळीच्या बागेलगत. सकाळी सव्वासहाला मोतीचा डावा कान वळला. मान जागच्या जागी, फक्त कान. मी दुर्बीण त्या दिशेला धरली तर नुसती वाळलेली पानं. दोन मिनिटांनी त्याच पानांतून रानमांजर बाहेर आलं. उंच पाय, आखूड शेपटी, टोकाजवळ काळी कडी. बांधावर बसून त्याने पुढचा पंजा चाटला. मोतीच्या मिशा थरथरत होत्या, पण आवाज नाही. मी तळहात त्याच्या छातीवर ठेवून होतो, धडधड हाताला लागत होती. माझ्या नोंदवहीतलं हे पहिलं रानमांजर, आणि ते मोतीने दाखवलं.

पालला यावल अभयारण्यात कुत्रा नेता येत नाही आणि नेऊही नये. एकाने बाहेर मोतीजवळ थांबायचं, दुसऱ्याने आत जायचं. माझ्या पाळीत सागाच्या फांदीवर भरदिवसा घुबड दिसलं आणि मला रानपिंगळा, म्हणजे ते दुर्मीळ छोटं घुबडच वाटलं. १९९७ साली शहाद्याजवळ तो ११३ वर्षांनी पुन्हा सापडला, तेव्हापासून खान्देशातल्या प्रत्येक पक्षीवेड्याची नजर सागाच्या फांद्यांवर असते. पण याच्या माथ्यावर ठळक पांढरे ठिपके होते. साधा पिंगळा. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा असतो, शेपटीवर रुंद पट्टे असतात. नोंद पिंगळा म्हणूनच केली.

कुत्रा घेऊन फिरणाऱ्यांनी डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार, जो रानातल्या प्राण्यांनाही होतो) आणि रेबीजच्या लशी चुकवू नयेत. २०१८ साली गीरमध्ये सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. कोल्हे, खोकड यांनाही तो होतो. मोतीचा बूस्टर जानेवारीत आहे. तो झाला की पुढची फेरी अनेर धरणाकडे, आणि पडद्याला दुसरी फट मोतीच्या उंचीवर.