बसायचं नाही अशी खुर्ची

इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्या बघायला गेलं की बाकीची मंडळी झुंबरं आणि तैलचित्रं शोधत आत पळतात. मी दारातल्या हॉलमध्येच अडकतो. तिथे भिंतीला पाठ लावून चार-सहा लाकडी खुर्च्या उभ्या असतात. ना गादी, ना हात. बैठक म्हणजे नुसती फळी, फार तर मधोमध ताटलीसारखी जराशी खोलगट केलेली. पाठीवर मात्र घराण्याचं चिन्ह झोकात रंगवलेलं: एखादा सिंह, एखादा गरुड, नाहीतर मुठीत भाला धरलेला हात.

जॉर्ज नावाचे चार राजे एकामागून एक गादीवर आले, त्या काळातल्या या खुर्च्या. राजांना गादी मिळाली, यांना नाही मिळाली. कारण इथे बसणारा माणूस घरचा नव्हताच. उत्तराची वाट बघणारा निरोप्या, बिल घेऊन आलेला शिंपी, मालकांची बग्गी परत येईपर्यंत जागणारा नोकर. भिजलेला कोट, चिखलाने माखलेले बूट. रेशमी गादीची आठवड्यात वाट लागली असती. लाकडावर फडकं मारलं की झालं. शिवाय माझा आपला एक संशय आहे, की ताटकळणाऱ्याचा डोळा लागू नये हीसुद्धा सोय असणार.

थॉमस चिपेंडेल या त्या काळच्या नामांकित फर्निचर-कारागिराने आपल्या नमुन्यांच्या पुस्तकाच्या १७६२च्या आवृत्तीत अशा खुर्च्या काढून दाखवल्या आहेत. म्हणजे आपल्याकडे पानिपत होऊन जेमतेम वर्ष उलटलं होतं. महोगनी घ्या, नाहीतर दुसरं कुठलंही लाकूड घ्या आणि रंगवा, असाच त्याच्या सांगण्याचा रोख. पुढे १८०३ मध्ये शेरेटन या दुसऱ्या फर्निचर-रचनाकाराने तर सरळ लिहूनच टाकलं, की या खुर्च्या नोकरांसाठी आणि कामानिमित्त आलेल्या परक्यांसाठी.

मला गंमत वाटते ती त्या चिन्हाची. बग्गीच्या दारावर जे, तेच इथे. पण माणूस बसला की त्याच्या पाठीआड सिंह गडप! म्हणजे खुर्ची रिकामी असेल तेव्हाच तिचं खरं काम चालू. आत येणाऱ्याने आधी सिंह बघायचा, दबायचं, आणि मग त्याच सिंहाला टेकून बसायचं. आपल्या वाड्यांच्या देवडीतही लोक तासन्‌तास ताटकळायचे, पण ते दगडी ओट्यावर. मालकाचा शिक्का पाठीला टोचत नव्हता.

आता जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या घरांमध्ये जुन्या खुर्च्यांवर ‘बसू नये’ची पाटी लावण्याऐवजी बरेचदा टीझल नावाच्या झाडाचं वाळकं, काटेरी बोंड ठेवतात. गेल्या खेपेला सिंहाच्या पुढ्यात, फळीवर, तसंच एक बोंड ऐटीत बसलं होतं. ज्या जागी शिंप्याने बसायचं, तिथे आता खुद्द लॉर्डसाहेबांनाही मज्जाव.

माझे पाय भरून आले होते. बाहेर जाऊन पायरीवर बसलो.