होरेसचे वडील आणि माझे अण्णा

आठवीतला एक ऑफ तास. गणिताचे सर रजेवर होते, म्हणून वर्गावर आले इतिहासाचे सर. हातात पुस्तक नाही, नुसता खडूचा तुकडा. फळ्यावर त्यांनी पाच छेद बारा लिहिलं आणि पहिल्या बाकावरच्याला उभं केलं.

"यातून एक बारांश गेला. उरले किती?"

"चार छेद बारा, सर."

"म्हणजे?"

"एक तृतीयांश."

"शाब्बास! आता तुला तुझी इस्टेट सांभाळता येईल. आणि काढायच्या ऐवजी एक बारांश मिळवला तर?"

"निम्मे."

सर खडू खाली ठेवत म्हणाले, "हा तास दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये अस्साच झालाय. होरेस नावाच्या कवीनं तो लिहून ठेवलाय."

रोमन हिशेबात पूर्णाचे बारा भाग, त्यामुळे तिथल्या पोरांची पावकी-निमकी बाराव्या हिश्शांची. होरेसला मात्र या घोकंपट्टीचं दुःख होतं. पैशाच्या हिशेबाचा गंज एकदा मनावर चढला की त्या मनातून चांगली कविता कशी यायची, असं तो विचारतो. हे त्या वयात आम्हाला कळलं नाही. पण त्या दिवसापासून ऑफ तास मिळाला की आम्ही इतिहासाच्या सरांना शोधायला स्टाफरूमच्या दारात जायचो.

सरांनी आम्हाला राजे आणि लढाया फार सांगितल्या नाहीत. रोमची पोरं सांगितली. ग्रीक आणि लॅटिन शिकवणारी जुनी पाठ्यपुस्तकं आहेत, त्यांत एका शाळकरी मुलाचा दिवस आहे. तो उजाडायच्या आत उठतो, पलंगावर बसूनच पायातलं मागतो, तोंड धुतो, शाळेत जाऊन गुरुजींना नमस्कार करतो. मग शेजाऱ्याला म्हणतो, "सरक तिकडं, ही जागा माझी, मी आधी धरलीय." हे ऐकल्यावर सगळा वर्ग मागच्या बाकाकडं वळून बघायला लागला, कारण त्याच सकाळी तिथं याच वाक्यावरून मारामारी झाली होती. दुपारी तो मुलगा जेवायला घरी येतो. पांढरा पाव, ऑलिव्ह, चीज, सुके अंजीर, अक्रोडासारखी फळं आणि थंड पाणी. जेवून परत शाळा.

शाळेला इमारत असेच असं नाही. चौकाच्या कडेला आपल्या देवळाच्या ओवरीसारखी जागा धरायची, एक पडदा लावायचा, झाली शाळा. मार्शल या कवीची तक्रार आहे की कोंबडा आरवायच्या आधीच शेजारच्या मास्तरांचा आरडाओरडा सुरू होतो. त्या मास्तरांवर मुलं आणि मुली दोघंही चिडून असतात, असंही तो म्हणतो. म्हणजे मुलीही शिकत होत्या. दिव्यांच्या काजळीनं शाळेतलं व्हर्जिल कवीचं पुस्तक काळं पडतं, असं जुव्हेनाल या कवीनं लिहिलंय. शनिवारच्या सकाळच्या शाळेसाठी मी गावाहून अंधारात कंदील घेऊन निघायचो. नाकात काजळीचा वास असायचा. ती ओळ मला समजावून सांगावी लागली नाही.

त्यांची पाटी लाकडाची, मधल्या खळग्यात मेण भरलेली. लेखणीचं एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं. चुकलं की चपट्या टोकानं मेण सारखं करायचं. थुंकी लावून पाटी पुसणाऱ्या आम्हाला याचा भारी हेवा वाटला. खेळ तर आमचेच होते. होरेसनं मुलांचे खेळ मोजलेत, त्यांत एकी-बेकी आहे आणि काठीचा घोडाही आहे. आमच्या मुली सागरगोटे खेळायच्या, तिकडं मेंढीच्या घोट्याची हाडं उडवायची आणि झेलायची.

मार मात्र भयंकर होता. होरेसनं आपल्या मास्तरांना, ऑर्बिलियसना, 'फटकेबाज' हे विशेषण लावलं ते कायमचं चिकटलं. पॉम्पेई या जुन्या रोमन शहरातल्या एका भिंतीवर चौकातल्या शाळेचं चित्र सापडलं. एका मुलाला दुसऱ्यानं पाठीवर घेतलंय, तिसऱ्यानं त्याचे पाय धरलेत आणि त्याला फटके बसतायत. बाजूला बाकीची मुलं मांडीवर पाट्या घेऊन बसलीत. पाचवीच्या आधी, दुसऱ्या शाळेत, मी ओल्या फोकाचे वळ अंगावर घेऊन घरी गेलो आहे. म्हणून क्विंटिलियन हे नाव मला त्या वयात देवासारखं वाटलं. इ.स. ९५च्या सुमारास या मोठ्या शिक्षकानं लिहून ठेवलं की मुलांना मारणं मला मुळीच मान्य नाही, ते गुलामांना शोभणारं आणि अपमानाचं आहे. लहानग्यांना खेळायला हस्तिदंताची अक्षरं द्यावीत, सुट्टी द्यावी, खेळणारं मूल बघून आपल्याला आनंद व्हावा, हेही त्याचंच. आमच्या सरांच्या हातात मी कधी छडी पाहिली नाही.

नववीत सरांनी आम्हाला एस.टी.नं तेरला नेलं. लामतुरे संग्रहालयातल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसमोर उभं करून ते म्हणाले, "हिची एक बहीण पॉम्पेईत सापडलीय." १९३८ साली तिथल्या उत्खननात मिळालेली भारतीय मूर्ती आता नेपल्समध्ये आहे, आणि तिच्याशी मिळतीजुळती घडण तेर आणि भोकरदनच्या मूर्तींत दिसते. इ.स. ७९मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं पॉम्पेई गाडलं, त्याआधी ती तिथं पोचलेली होती. ज्या गावचा गूळ आणि ज्वारी आमच्या बाजारात यायची, त्या तेरचं नाव तगर म्हणून ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात आहे, हे कळल्यावर परतीच्या गाडीत कुणी गाणी म्हटली नाहीत.

शाळेच्या तीन नव्या खोल्यांसाठी लोकवर्गणी सुरू झाली, तेव्हा सर पालकसभेत धाकटा प्लिनी या रोमन लेखकाबद्दल बोलले. कोमो हे त्याचं गाव. तिथला एक मुलगा शिकायला मिलानला जातो, का, तर गावात शिक्षक नाहीत. प्लिनी पालकांना म्हणाला, शिक्षकांसाठी तुम्ही जेवढे जमवाल त्यात एक तृतीयांश मी घालतो. सगळी रक्कम तो देऊ शकला असता, पण स्वतःचा पैसा गुंतला तरच पालक शिक्षक नीट निवडतील, असं त्याला वाटलं. योग्य शिक्षक सुचवा, म्हणून त्यानं इतिहासकार टॅसिटसला पत्र घातलं. सभेत पागोटी घातलेले शेतकरी होते. त्यांनी प्लिनीचं ऐकून घेतलं आणि ज्वारीची पोती लिहून दिली. त्या खोल्यांतल्या मधल्या खोलीत मी दहावी झालो.

पुढं बँकेत नोकरी केली. निवृत्तीनंतर मुलीकडं गेलो असता रोम पाहिलं. माँतेमार्तिनी या जुन्या वीजकेंद्रात आता पुतळे मांडलेत. तिथं क्विंटस सुल्पिसियस मॅक्सिमस या मुलाच्या थडग्याचा दगड आहे. वय ११ वर्षं. इ.स. ९४च्या काव्यस्पर्धेत ५२ ग्रीक कवींमध्ये हे पोर उभं राहिलं आणि आयत्या वेळी रचलेल्या ४३ ओळी त्यानं म्हटल्या. थोड्याच दिवसांत ते गेलं. आजारानं आणि रात्रंदिवस अभ्यासाच्या श्रमानं गेलं, असं दगडावरच लिहिलंय. आईबापांनी त्याच्या दोन्ही बाजूंना त्याची ती कविता कोरून घेतली. दगडात कोरलेला, हातात लिखाणाची गुंडाळी घेतलेला तो मुलगा बघताना मला आपल्याकडची क्लासला जाणारी, डोळ्यांखाली काळं आलेली पोरं दिसत राहिली. मी तिथून लवकर हललो नाही. मुलीनं दोनदा हाक मारली.

आता अण्णांचं सांगतो. माझे वडील मोंढ्यात मापारी होते. पाचवीच्या प्रवेशाला ते मला घेऊन आले, खिडकीपाशी तासभर उभे राहिले आणि फॉर्मवर अंगठा उठवला. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की मला खांद्यावर घेऊन पलीकडं सोडायचे आणि मग कामावर जायचे.

होरेसचा बाप आधी गुलाम होता. सुटल्यावर लिलावाच्या पैशांची वसुली करायचा, थोडी हलकी जमीन होती. व्हेनुसिया गावातल्या शाळेत बड्या लष्करी अधिकाऱ्यांची मुलं जायची. यानं पोराला तिथं न घालता थेट रोमला नेलं. श्रीमंतांघरी मुलाला शाळेत पोचवायला गुलाम असे; हा बाप स्वतः सगळ्या मास्तरांकडं मुलाबरोबर गेला. पुढं मोठमोठ्यांच्या बैठकीत बसणाऱ्या होरेसनं लिहिलं की पुन्हा जन्म घेऊन आईबाप निवडायला सांगितले, तरी मी दुसरे मागणार नाही.

हे सरांनी सांगितलं त्या संध्याकाळी मी घरी जाऊन अण्णांना सांगितलं. मोंढ्यातल्या लिलावाचा माणूस, म्हणून ते भाकरी मोडता मोडता थांबले.

"त्याच्या बापाचं नाव काय रे?"

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. सर म्हणाले, होरेसनं एवढं सगळं लिहिलं, पण बापाचं नाव कुठंच लिहिलं नाही. रात्री ते अण्णांना सांगताना मलाच वाईट वाटत होतं.

अण्णा म्हणाले, "नसू दे की. संगं जात होता एवढं लिहिलंय नव्हं?"