पाच रात्री

मागच्या महिन्यात गावाकडं सप्ता होता, काल्याच्या आदल्या रात्रीचं कीर्तन ऐकायला आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घेऊन गेले. महाराजांचा आवाज गोड, मृदंग पण मस्त लागला होता, आणि मधेच महाराज लेकीबाळींच्या विषयावर आले. आपल्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार पोरांमागं ८०७ पोरी उरल्या होत्या हे त्यांनी सांगितलं, ते खरंय आणि सांगायलाच पाहिजे. पण मग हात वर करून म्हणाले की जी बाई पोट पाडते तिला ब्रह्महत्येच्या दुप्पट पाप आणि त्याला प्रायश्चित्तच नाही. बायकांच्या बाजूला एकदम शांत झालं. मी मान खाली घातली. शेजारी आत्याबाई होत्या, त्यांनी पण घातली.

मी त्यातलीच एक बाई आहे. अकरा वर्षं झाली, घरातल्या चार माणसांशिवाय कुणालाच माहीत नाही, बाकी सगळ्यांना "पोट गळालं" एवढंच सांगितलंय. आज पहिल्यांदा लिहायलेय.

२०१४ चा मार्गशीर्ष होता, अंबाजोगाईत योगेश्वरीचा महोत्सव सुरू होता. मोठी लेक चार वर्षांची होती आणि मला दुसऱ्यांदा दिवस गेलेले, पाचवा लागला होता. डोहाळे पण विचित्र, रात्री बारा वाजता कच्ची चिंच पाहिजे. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी करायला गेले तर डॉक्टर एकदम बोलायचेच बंद झाले, मशीन परत परत फिरवायले. मग आमच्या ह्यांना आत बोलावलं आणि सांगितलं की बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झालेली नाही, मेंदूचा वरचा भाग नाही. याला ॲनेनसेफली म्हणतात. असं बाळ पोटात वाढतं, हातपाय हलवतं, ठोके पण चांगले ऐकू येतात, पण जन्मल्यावर काही तासांत नाहीतर फारफार तर काही दिवसांत जातंच. उपाय नाही. मेंदू आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांतच मिटते म्हणे, म्हणजे बाईला आपल्याला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी, म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी लेकरू हवंय असं ठरवल्यापासूनच घ्यायची असते. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिसऱ्या महिन्यापासून घेतली. (पोरींनो, हे वाचत असाल तर एवढं तरी लक्षात ठेवा, गोळी आधी.)

एकोणीस आठवडे झाले होते आणि तेव्हाचा कायदा वीस आठवड्यांपर्यंतचा, बारा आठवड्यांच्या पुढं गेलं की दोन डॉक्टरांचं मत लागायचं. हातात सहा-सात दिवस. त्याच्या आधी २००८ मध्ये मुंबईतलं एक जोडपं असंच बाळाच्या हृदयात दोष निघाला म्हणून हायकोर्टात गेलं होतं, मुदत उलटून गेलेली म्हणून कोर्टानं परवानगी दिली नव्हती, ते पेपरात वाचलेलं मला आठवत होतं आणि त्यानंच जास्त भ्या वाटायलं होतं.

पहिल्या दवाखान्यानं सरळ नाही म्हणलं. दुसऱ्या ठिकाणी नर्सनं विचारलं, पहिली मुलगी आहे ना? डॉक्टरनं पण तेच विचारलं. मग दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट हातात असताना परत तेच. त्यांचा प्रश्न सगळा समजत होता मला. दोनच वर्षं झाली होती परळीच्या प्रकरणाला, २०१२ ला तिथं गर्भपात करताना एक बाई गेली आणि मग सगळा देश आपल्या जिल्ह्याकडं बघायला लागला. त्यानंतर धाडी पडल्या, मशीन सील झाल्या, मेडिकलवाल्यांनी गोळ्या ठेवायच्याच बंद केल्या. हे व्हायलाच पाहिजे होतं असं मी आजही म्हणते. पण त्या भीतीत आपल्याकडं दोन वेगवेगळ्या गोष्टींचा एकच गोळा झाला. पोरगी आहे म्हणून नको, हे एक. आणि पोटातल्या लेकराचं किंवा त्या बाईचं काही खरं नाही म्हणून नाइलाजानं घेतलेला निर्णय, हे एक. दोन्हीला शब्द एकच, भ्रूणहत्या. मुलगा होता की मुलगी मला आजपर्यंत माहीत नाही. मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं पण नाही.

तिथं बाकड्यावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती, केजकडची, ऊसतोडीला कोयत्यावर जाणारी. तीन लेकरं, चौथ्याचे दिवस, तिसरा महिना. नवरा उचल घेऊन कर्नाटकातल्या कारखान्याला गेलेला, ही अंग दुखतं म्हणून मागं राहिलेली. तिला सांगितलं नवऱ्याची सही आण. ती म्हणली सायब तो तिकडं फडात हाय, कुठनं आणू. तर मग नाही. ती तशीच पिशवी उचलून निघून गेली. मला नंतर कळलं की १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात अठरा वर्षांपुढच्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कुठं लिहिलेलीच नाही. तेव्हा मला हे माहीत असतं तर मी बोलले असते का, माहीत नाही, माझंच मला सुधरत नव्हतं. पण ती बाई मला अजून दिसते. तिनं पुढं काय केलं असेल, कुणाकडं गेली असेल.

शेवटी आम्हाला लातूरला जावं लागलं, तिथं झालं. वॉर्डात केरळच्या एक सिस्टर होत्या, ख्रिश्चन. त्यांनी आधीच मला नीट सांगितलं, आमच्या चर्चमध्ये पहिल्या क्षणापासून जीव मानतात, म्हणून मी ह्या कामात हात लावत नाही, दुसरी सिस्टर येईल. मला वाईट वाटलं. पण रात्री ड्युटी संपल्यावर त्याच येऊन बसल्या, माझा हात धरून, काहीतरी पुटपुटत होत्या मल्याळममध्ये, प्रार्थना असणार. माझा निर्णय त्यांना मान्य नव्हता आणि तरी त्या रात्री माझ्यापाशी फक्त त्याच होत्या. आत्याबाई आल्या नव्हत्या. घरी आल्यावर त्यांनी एवढंच म्हणलं, "देवानं दिलेलं आपण न्हाई परत करावं." आणि पुढं महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

आमच्या गल्लीत खाला राहायच्या, आता नाहीत. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. त्यांच्या सुनेच्या हृदयाचा वॉल्व्ह खराब होता, दिवस गेल्यावर डॉक्टर म्हणले बाईच्या जिवाला धोका आहे, तेव्हा ते मौलानांना विचारायला गेले होते. मौलाना म्हणले हदीसमध्ये आहे की चाळीस, चाळीस आणि चाळीस दिवस, म्हणजे १२० दिवसांनी फरिश्ता येऊन रूह, म्हणजे आत्मा, फुंकतो, त्याच्या आधी सबळ कारण असलं तर आमच्याकडं सवलत आहे, आणि आईच्या जिवाचा प्रश्न असला तर आई पहिली. सगळे असं मानत नाहीत, त्यांच्यातल्याच काही मजहबमध्ये, म्हणजे पंथांत, फार कडक आहे, हे पण खालांनीच सांगितलं. मी मनात हिशेब करत बसले, एकोणीस आठवडे म्हणजे १३३ दिवस, म्हणजे माझं तर उलटून गेलेलं. खालांनी ते ओळखलं असेल. म्हणल्या, "वो बच्चा जीने वाला नैच था बेटी, तू क्या मारी उसको? रो ले, पन गुन्हेगार नक्को समज अपने को." आणि गरिबीच्या भीतीनं लेकरं मारू नका असं कुराणात आहे, आणि जिवंत पुरलेल्या पोरीला कयामतच्या दिवशी विचारलं जाईल की तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं, ते पण त्यांनी सांगितलं. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. जाब तिच्या आईला नाही, त्या पोरीलाच विचारायचंय, तिला बोलायला मिळणार आहे.

शाळेतली माझी मैत्रीण बौद्ध आहे. तिच्या घरी रोज पंचशील म्हणतात, पहिलंच शील पाणातिपाता वेरमणी, जीव घेण्यापासून लांब राहीन. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, तर भिक्खूनं गर्भ पाडायला मदत केली तर त्याला संघातून कायमचं बाहेर काढतात, इतकं कडक आहे. पण ती म्हणली बुद्धानं असंही म्हणलंय की चेतनेलाच मी कर्म म्हणतो, म्हणजे मनात काय होतं ते बघायचं. "तुझ्या मनात द्वेष होता का त्या लेकराबद्दल?" असा सरळ प्रश्न तिनं मला विचारला, स्टाफरूममध्ये, डबा खाता खाता. नव्हता. मी रडायलाच लागले.

तर सप्त्याच्या रात्री घरी आल्यावर झोप येईना. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतले संस्कृतचे रिटायर झालेले सर आहेत त्यांच्याकडं गेले आणि विचारलं की महाराज म्हणले ते खरंच कुठं लिहिलंय का. सर म्हणले लिहिलंय, पराशर स्मृतीत आहे, ब्रह्महत्येच्या दुप्पट पाप गर्भपातनात, प्रायश्चित्त नाही, आणि पुढं आहे "तस्यास्त्यागो विधीयते", म्हणजे तिचा त्याग करावा. तिचा. सगळा श्लोक मी दोनदा वाचायला लावला, त्यात नवरा कुठं नाही, सासरा नाही, दीर नाही.

आणि आपला गर्भलिंगनिदानाचा १९९४ चा कायदा बघा, त्यात उलटं आहे. त्यात लिहिलंय की बाईनं अशी तपासणी करून घेतली असेल तर तिला नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असंच कोर्ट धरून चालेल, तसं नव्हतं हे दुसऱ्यांनी सिद्ध करायचं. परळीला, बीडला त्या काळात ज्या बाया गेल्या त्या एकट्या गाडी करून गेल्या होत्या का? कुणी नेलं, पैसे कुणी मोजले, घरी पोरगाच पाहिजे म्हणून कोण बसलं होतं? मांडवात पुरुषांची बाजू बायकांच्या दुप्पट भरलेली होती, महाराजांनी तिकडं तोंड करून एकदा तरी बोलायला पाहिजे होतं. मला मनापासून वाटतं ते.

सरांनी मग बाकीचं पण काढून दाखवलं. गर्भोपनिषदात म्हणे सातव्या महिन्यात जीव येतो. चरक म्हणतो गर्भ राहतानाच येतो. सुश्रुतात चौथ्या महिन्यात चेतना दिसायला लागते, म्हणजे बाईच्या अंगात दोन हृदयं, म्हणून तिला दौहृदिनी म्हणायचं, आपल्या डोहाळे शब्दाचं मूळ तिकडंच आहे. म्हणजे आपल्याच ग्रंथांत सुद्धा एकमत नाही. मला ती चिंच आठवली.

आणि मग त्यांनी ते दाखवलं ज्यासाठी मी हे सगळं लिहायलेय. त्याच पराशर स्मृतीत आहे की चौथ्या महिन्यापर्यंत गेलं तर तो स्राव, पाचव्या-सहाव्यात गेलं तर पात, त्याच्या पुढं प्रसूती आणि दहा दिवसांचं सुतक. आणि मनुस्मृतीत ओळ आहे, "रात्रिभिर्मासतुल्याभिर्गर्भस्रावे विशुध्यति". जितके महिने, तितक्या रात्री. त्या ओळीचा हेतू शुद्धी-अशुद्धीचाच आहे हे मला कळतंय. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणली, अगं २५ डिसेंबरला आम्ही ते पुस्तक जाळतो, बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला जाळलं. बरोबर आहे तिचं, बायकांबद्दल आणि तिच्या माणसांबद्दल त्यात जे लिहिलंय ते मलाही कधीच मान्य होणार नाही. पण त्या एका ओळीपाशी मी अडकले. पाच महिने, पाच रात्री. म्हणजे कुणीतरी कधीतरी मोजलं होतं. काहीतरी गेलं हे धरलं होतं. मला अकरा वर्षांत एक रात्र पण मिळाली नव्हती, लातूरहून आले आणि तिसऱ्या दिवशी शाळेत हजर, कारण पोट गळालेल्या बाईला कसली रजा मागायची, आणि खरं कारण तर सांगायचंच नव्हतं. एकीकडून पापी आणि दुसरीकडून "काही नाही गं, होईल दुसरं". मी निर्णय घेतला, तो बरोबर होता, परत तशी वेळ आली तर परत तोच घेईन, आणि मला त्या लेकराचं सुतक पण पाहिजे होतं. दोन्ही एकाच बाईला वाटू शकतं.

आता कायदा बदललाय, २०२१ पासून काही ठरावीक बायांना चोवीस आठवड्यांपर्यंत करता येतं, आणि बाळात माझ्यासारखा गंभीर दोष निघाला तर त्याच्या पुढं पण मेडिकल बोर्डाकडं जाता येतं. जिथं आधी "विवाहित स्त्री किंवा तिचा पती" होतं तिथं "कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार" आलं, आणि २०२२ ला सुप्रीम कोर्टानं अविवाहित बाईला पण चोवीस आठवड्यांपर्यंतचा तोच हक्क दिला. आज सहा दिवसांची ती पळापळ कुणाला करावी लागणार नाही. ती केजची बाई आज आली तर तिला सही मागतील का, हे मात्र मला सांगता येत नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आत्याबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. ७४ वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत. मी त्यांच्या पायाला तेल लावत होते आणि सरांनी काय सांगितलं ते सगळं सांगितलं, घाबरतच. जितके महिने तितक्या रात्री, म्हणजे माझ्या पाच राहिल्या, असं म्हणले. त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं परत महिनाभर अबोला. मग त्यांनी अंगठा बोटाच्या पेरांवर ठेवला, माळ जपताना ठेवतात तसा, आणि हळूहळू मोजलं.

"मग माह्या तीन," त्या म्हणल्या, "आन् एक डाव दोन."