नाव सातबाऱ्यावर, ताबा थोडा थोडा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ३१ डिसेंबरच्या रात्री उपासना संपत आली की वेताची एक टोपली फिरते. तिच्यात बायबलमधल्या वचनांची छोटी कार्डं पालथी ठेवलेली असतात. बारा वाजायच्या आत प्रत्येकानं एक उचलायचं, ते आपलं वर्षाचं वचन. २०१७ संपताना माझ्या हाती यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ आलं. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, पुढच्या दिवसांची आशा देणारे आहेत, अशा अर्थाचं. घरी येऊन मी ते कार्ड स्वयंपाकघरातल्या फळीवर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलं.

फेब्रुवारीत माझ्या मिस्टरांचं काम गेलं. नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ते चौदा वर्षं होते.

मी कार्ड हातात घेऊन प्रार्थना करू लागले, सकाळ-संध्याकाळ, मोठ्यानं. ‘वचन धरणं’ हा आम्हा ख्रिस्ती लोकांचा नेहमीचा शब्द. मी तो असा समजले होते की देवाच्या हातून वस्तू सुटेपर्यंत आपण ओढत राहायचं. मी तारीखसुद्धा ठरवून टाकली होती : ईस्टरच्या आत नोकरी. त्या वर्षी ईस्टर १ एप्रिलला होता. तो आला आणि गेला. मे महिन्यात एका सभेला बाहेरगावचे वक्ते आले. जेवढं मोठं बी पेराल तेवढा मोठा आशीर्वाद, असं ते म्हणाले आणि सगळ्यांना पुढं बोलावलं. मुलीच्या फीचे आठ हजार माझ्या पर्समध्ये होते. ते मी पाकिटात घालून पुढं नेऊन ठेवले. रात्री मिस्टरांना सांगितलं. ते एक शब्दही बोलले नाहीत, नुसते कूस बदलून झोपले. चिडले असते तर बरं झालं असतं.

जुलैपासून मी उपासनेला जाणं सोडलं. देव खोटा आहे असं मला कधी वाटलं नाही. तो इतरांचा आहे, माझा नाही, असं वाटायला लागलं होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

पावसाळ्यातच एका दुपारी आमच्या जुन्या पाळकीणबाई, म्हणजे पाळकांच्या पत्नी, घरी आल्या. वय सत्तरीच्या पुढं, सदरहून ऑटोनं एकट्या आलेल्या. चहा ठेवायला मी आत गेले तर मागोमाग आल्या, आणि बरणीमागं सरकलेलं कार्ड त्यांना दिसलं.

“बाई, हे पत्र कोणाले लिहिलं आहे?”

मी म्हटलं, पत्र कुठं, वचन आहे.

“पत्र आहे. पहिल्या ओवीपासून वाच.”

तोपर्यंत मी ती एक ओवी हजार वेळा म्हटली असेल, अध्याय मात्र एकदाही नीट वाचला नव्हता. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ह्यानं यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं हे पत्र पाठवलं होतं. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं. आणि तोवर काय करायचं तेही लिहितो : घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला पाठवलं त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

सत्तर वाचल्यावर मला रडूच आलं. म्हटलं, तोवर तर हे लोक मरून गेले असतील.

“पुष्कळ मेले,” त्या म्हणाल्या. “पण त्यायनं बागा लावल्या म्हणून परत याले त्यायची नातवंडं होती.”

जाताना त्यांनी मला दानिएलाचा नववा अध्याय वाचायला सांगितला. हेच सत्तर वर्षांचं वचन दानिएलानं म्हातारपणी वाचलं. वर्षं भरत आली हे त्याच्या ध्यानात आलं. तरी तो ‘आता आमचं दे’ म्हणत उभा राहिला नाही. उपास केला, गोणपाट नेसला, आपल्या आणि आपल्या लोकांच्या पापांची कबुली दिली, आणि मग देवाला त्याच्याच दयेची आठवण करून दिली. वचन धरलेला माणूस मी पहिल्यांदा तिथं पाहिला.

मग मी शंभर पानी वही घेतली. आजवर जी जी वचनं माझी म्हणून म्हणत आले ती एकेक लिहायची, आणि प्रत्येकाखाली तीन गोष्टी : हे कोणाला सांगितलं, मागंपुढं काय आहे, आणि ऐकणाऱ्यानं काय करायचं आहे. चार महिने लागले. देव तुमची सर्व गरज पुरवील हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन माझं फार लाडकं. पण ते कोणाला लिहिलं? बंदीत असलेल्या प्रेषित पौलाला आपल्या गरजेतून मदत पाठवणाऱ्यांना. मी गेल्या वर्षभरात कोणाला काय पाठवलं होतं? पुष्कळ ठिकाणी असं थांबावं लागलं. काही वचनं एकट्या अब्राहामाला होती, काही दाविदाच्या घराण्याला, आणि मी ती सरसकट आमच्या भाड्याच्या घरावर चिकटवली होती. त्याच वहीत मग करिंथकरांस दुसऱ्या पत्रातली ओवी आली की देवाची वचनं जितकी आहेत तितक्यांचा होकार ख्रिस्तामध्ये आहे. म्हणजे मला सुटी सुटी कार्डं उचलायची नव्हती. जो येशू माझा आहे त्याच्या हातून ती घ्यायची होती, आणि त्याच्या हातात काय आहे ते आधी बघायचं होतं. पापांची क्षमा, मागणाऱ्याला बुद्धी, समजेपलीकडची शांती, युगाच्या शेवटापर्यंत सोबत, आणि एक पुनरुत्थान. नोकरी त्या यादीत नव्हती. ती मागायला मनाई नव्हती, पण ते मागणं होतं, वचन नव्हतं. हा फरक कळायला मला पस्तिशी उलटावी लागली.

एक गोष्ट तरी अडत होती. इफिसकरांस पत्र म्हणतं की ख्रिस्तात आपल्याला प्रत्येक आध्यात्मिक आशीर्वाद देऊन झालेला आहे. देऊन झालाय तर माझ्या घरात शांती कुठं आहे?

ह्याचं उत्तर बाबांनी दिलं. काटोलजवळ त्यांची तीन एकर संत्र्याची बाग. शनिवारी मी तिकडं गेले होते, धुऱ्यावर बसून हा प्रश्न काढला. बाबा म्हणाले, “सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे वावर तुह्यं झालं. त्या दिवशीच झालं. पण वहिवाट कराले जन्म जाते.” मग त्यांनी मला निर्गम २३ काढायला लावलं. देव इस्राएलाला म्हणतो, तिथल्या लोकांना मी तुमच्यासमोरून एका वर्षात घालवणार नाही, नाहीतर देश ओसाड पडेल आणि वनपशू माजतील. थोडं थोडं करून घालवीन, तुम्ही वाढून देशाचा ताबा घेईपर्यंत. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा म्हातारा झाला तेव्हाही देव त्याला सांगतो की ताब्यात घ्यायचा पुष्कळ देश अजून बाकी आहे. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, ह्या सगळ्याला ‘वतन’ म्हटलंय. लहानपणापासून ऐकलेला शब्द, पण त्यात कुदळ-फावडं आहे हे त्या दिवशी दिसलं.

“आन् पाय,” बाबा नव्या ओळीतल्या झाडांकडं बोट करून म्हणाले, “तिसऱ्या वर्षीच फळं धरते हे. मी तोडून टाकतो. आता राहू देलं तं फांदी मोडते, झाड खंगते. पाचव्या-सहाव्या वर्षी घेऊ.”

मी मनात हिशेब केला. मार्चमध्ये नोकरी मिळाली असती तर काय झालं असतं? चौदा वर्षं पगार येत होता तेव्हाही आम्ही पैशावरूनच भांडत होतो. मिस्टरांच्या मोबाइलमधले मेसेज मी चोरून वाचायची. वनपशू घरातच होते.

त्यानंतर मी एका वेळी एकच वचन घेतलं. पहिलं याकोबाचं : बुद्धी कमी असेल तर देवाकडं मागा, तो दोष न देता देतो. ‘दोष न देता’ हे दोन-तीन शब्द मी आठवडाभर नुसते वाचत होते. मग उधारीची यादी काढली, मिस्टरांना दाखवली, आणि त्या आठ हजारांबद्दल त्यांची माफी मागितली. डबे सुरू केले. पहिले सहा डबे सिव्हिल लाइन्समधल्या मुलींचे. डब्याचे पैसे किती घ्यायचे इथपासून मी देवाला विचारत होते, आणि ते विचारायला मला लाज वाटली नाही. डबे पोचवताना गल्लीतल्या एकेका घरासाठी प्रार्थना करत जायची, कारण पत्रात नगराचं हित पाहा असं होतं. आमच्या शेजारणीशी नळाच्या पाण्यावरून दोन वर्षं बोलणं नव्हतं. तिच्या दारावरून जाताना सुरुवातीला माझ्या तोंडून प्रार्थना निघायची नाही. तिसऱ्या महिन्यात निघाली. दिवाळीत तिनं फराळाचं ताट पाठवलं.

मिस्टरांना २०१९ च्या शेवटी काम मिळालं, पगार आधीपेक्षा कमी. आम्ही देवाचे आभार मानले आणि जेवलो. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि डबे बंद झाले. तेव्हा मी पूर्वीसारखी घाबरले नाही, हे मला स्वतःलाच उशिरा लक्षात आलं.

एप्रिल २०२१ बद्दल लिहायला मला अजून जड जातं. नागपुरात बेड मिळत नव्हते. बाबांना काटोलहून आणलं, चौथ्या दिवशी एका दवाखान्यात जागा झाली. मी ९१ वं स्तोत्र धरलं होतं, मरी तुझ्या तंबूजवळ येणार नाही म्हणणारं. नऊ दिवस मी ते म्हणत होते. दहाव्या दिवशी पहाटे बाबा गेले. जरीपटक्याच्या कब्रस्तानात आम्ही मोजून पाच जण होतो.

वही लिहिलेली, इतकं शिकलेली मी पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहिले : देवानं शब्द पाळला नाही. पाळकीणबाईंनी फोनवर समजूत घातली नाही. म्हणाल्या, हेच स्तोत्र सैतानानं येशूला मंदिराच्या टोकावर म्हणून दाखवलं होतं, आणि ते स्तोत्र खरं असूनही येशूनं उडी मारली नाही. त्याला वधस्तंभावरून कोणी उतरवलंही नाही. एवढं बोलून त्या माझ्यासोबत रडल्या.

महिनाभरानं मी उत्पत्ती वाचत होते. अब्राहामाला सगळ्या कनानाचं वचन मिळालं तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. सारा वारली तेव्हा त्याच्या मालकीची तिथं पुरण्यापुरतीही जमीन नव्हती. त्यानं चारशे शेकेल चांदी मोजून मकपेलाची गुहा घेतली. वचनाच्या देशातली त्याची विकत घेतलेली पहिली जागा म्हणजे ती कबर. मी वाचता वाचता थांबले. जरीपटक्यातली ती साडेसहा फूट जागा माझ्या डोळ्यांपुढं आली. इब्रीकरांस पत्र म्हणतं की हे सगळे वचनं न मिळताच, पण ती दुरून पाहून, त्यांना नमस्कार करून मेले. माझी मुलगी आता हिस्लॉप कॉलेजला जाते. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये नागपूरजवळ पाण्यात बुडून वारले आणि त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये निघालं. फाटकाशी तिला सोडताना मला ही वीस वर्षं आठवतात.

बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यात विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलींना सारखं. भावानं गृहीत धरलं होतं की मी सही करून सोडून देईन. मीही धरलं होतं. पण बायबलातल्या सलाफहादाच्या पाच मुली मला सोडेनात. त्यांना भाऊ नव्हता, माझी गोष्ट वेगळी, तरी मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभं राहून त्यांनी बापाच्या वतनातला वाटा मागितला. देव म्हणाला, त्या रास्त बोलतात. आणि मोशे गेल्यावर त्यांना यहोशवापुढं जाऊन तीच आठवण पुन्हा करून द्यावी लागली. मी आईच्या समोर, आवाज न चढवता दादाला म्हटलं, “माझं नाव चढव. तुझ्याशी भांडायचं नाही मला, बाग करायची आहे.” तो सात-आठ महिने बोलला नाही. मी दर रविवारी फोन करत राहिले, वावराचा विषय न काढता. मग एक दिवस तोच म्हणाला, तलाठ्याकडं कधी जायचं?

फेरफार मंजूर झाला त्या दिवशी मी बागेत गेले. दोन वर्षं कोणाचं नीट लक्ष नव्हतं. आळी बुजली होती, बाबांनी लावलेल्या नव्या ओळीतली अकरा झाडं वाळलेली. त्या दिवसापासून आम्ही दोघं नवराबायको शनिवारी जातो. एका वेळी एक ओळ साफ करतो. यंदा मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणारा फुलोरा, घ्यायचा ठरवलाय, म्हणून बाग ताणावर सोडली आहे, पाणी बंद. मे संपत आलाय, पानं मलूल झाली आहेत. दादा रोज फोनवर विचारतो, पाणी देऊन टाकू का? मी म्हणते, थांब, बाबा थांबायचे तेवढं थांब.