झेंडूला सोलापुरी चादर

आम्ही नाशिकचे. त्यातून सासर निफाडचं, म्हणजे महाराष्ट्रात थंडी पडली की पेपरात पहिलं नाव आमचंच. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून धूर करतात, हे लग्नानंतरच्या पहिल्याच डिसेंबरात पाहिलं होतं. त्यामुळे अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला लेकीकडे निघताना ‘थंडीचं आम्हाला काय सांगता’ असा थोडा ताठा होता. विमानतळाचं दार उघडलं आणि तो तिथेच गळाला. १४ एप्रिल. घरी आंब्याची पेटी उघडून आले होते आणि इथे पार्किंगच्या कोपऱ्यात काळपट पडलेल्या बर्फाचा ढीग अजून वितळायचा होता.

‘आई, यंदा माझी बाग बघायला ये,’ असं लेक गेली दोन वर्षं म्हणत होती. बाग कुठे होती? तपकिरी गवत, वाळक्या काड्या, कुजका पालापाचोळा. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनलाच जाग आली, तिथल्या घड्याळाशी अजून जमलं नव्हतं. उजाडल्यावर गॅरेजमधून दाताळं काढलं आणि कामाला लागले. अर्धा वाफा लख्ख झाला, काड्या मोडून ढीग रचला, तोवर लेक चहाचा कप घेऊन धावत बाहेर आली.

‘आई, थांब! त्या काड्यांत माशा झोपल्यात.’

मला आधी थट्टा वाटली. पण खरंच, तिथल्या काही छोट्या जंगली मधमाश्या फुलझाडांच्या पोकळ दांड्यांत हिवाळा काढतात. दिवस सलग जरा उबदार व्हायला लागले, म्हणजे साधारण दहा अंशांच्या वर गेले, की मगच सफाई करायची. ‘अगं, पण किती गबाळं दिसतंय!’ ‘दिसू दे.’ साफसफाईवरून माझ्याच मुलीने मला गप्प करावं, हा प्रसंग नवा होता. पण मी पाचोळा ओढला होता तिथे जमिनीतून डॅफोडिलची बोटभर हिरवी टोकं वर आलेली दिसली, त्यामुळे माझी चूक अगदीच वाया गेली नाही.

ही टोकं काही एप्रिलची कमाई नव्हे. कंद ऑक्टोबरातच, वीतभर खोल, पुरून ठेवायचे असतात. मग चार-पाच महिने जमीन दगडासारखी गोठते, काही रात्री पारा उणे तीसपर्यंत जातो. मला वाटायचं, बिचारे कसेबसे तग धरत असतील. उलटंच आहे. ट्यूलिपच्या कंदाला बारा ते सोळा आठवडे गारवा मिळाला नाही, तर आत फूल तयार असूनही दांडा नीट वर येत नाही. नाशिकला लावायचेच असतील, तर तीन महिने फ्रिजमध्ये ठेवावे लागतील, आणि तेही सफरचंदांपासून लांब, कारण पिकत्या फळातून निघणाऱ्या वायूने आतली कळी मरते. एवढे लाड आमच्या फ्रिजला परवडणारे नाहीत.

पहिली फुलं मात्र ट्यूलिपची नव्हती. आधी क्रोकस आले, जमिनीला चिकटून, जांभळे, आपल्या पांपोरच्या केशराचे चुलतभाऊ. त्यांच्यामागून सिला. हे निळं, इवलंसं, मान खाली घातलेलं फूल कुणी मुद्दाम लावलेलं असेलच असं नाही. ते कुंपणं न मानता पसरतं आणि अख्ख्या गल्लीतली हिरवळ निळी करून टाकतं. काहींना ते आवडत नाही, तण म्हणतात. मी रोज संध्याकाळी ते बघायला फेरी मारायचे. आठ वाजले तरी उजेड असायचा, त्यामुळे स्वयंपाकाला उशीर झाल्याचं भानच राहायचं नाही.

मग एका रात्री पुन्हा चार बोटं बर्फ पडला. सकाळी क्रोकस पाकळ्या मिटून बर्फात उभे. मी हळहळले. दुपारी ऊन आल्यावर ते जणू काही घडलंच नाही अशा थाटात उघडले.

शेजारच्या आजी ऐंशीच्या असाव्यात. त्यांच्याकडे गुलाब आहेत, असं लेकीने सांगितलं होतं, पण अंगणात एक झुडूप दिसेना. एप्रिलच्या अखेरीस त्या फावडं घेऊन आल्या आणि जमिनीतून गुलाब उकरून काढायला लागल्या! शरद संपता संपता फांद्या दोरीने बांधायच्या, एका बाजूची मुळं सैल करून अख्खं झुडूप चरात आडवं निजवायचं, वर माती आणि पाचोळा घालायचा. वसंतात पुन्हा उभं करायचं. या पद्धतीला नावच ‘मिनेसोटा टिप’ आहे. मी एक फांदी धरली, त्यांनी बुंध्याशी माती दाबली. आमचं इंग्रजी आणि त्यांचा ऐकण्याचा त्रास, दोन्ही फारसं आड आलं नाही.

याच आजींनी मला बजावलं होतं की नाजूक रोपं ‘मदर्स डे’च्या आधी जमिनीत लावू नकोस. म्हणजे मेचा दुसरा रविवार. पण २ मेला रोपवाटिकेत झेंडू दिसला आणि मला राहवेना. ऊन झकास होतं, लावून मोकळी झाले. पाच दिवसांनी संध्याकाळी आभाळ निरभ्र, वारा पडलेला. आजींनी कुंपणावरून नुसतं वर बोट दाखवलं. अशा रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते, हे निफाडच्या सुनेला कळायला हवं होतं. तिथे ढग नाहीत तर धूर करतात, पण इथे वाफ्यात शेकोटी पेटवली असती तर अग्निशमनवाले आले असते. मग माझ्या बॅगेतली सोलापुरी चादर काढली, कडा जमिनीला टेकवून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. ‘आई, ती नवी आहे!’ असं लेक म्हणेपर्यंत काम झालं होतं. सकाळी चादरीखालची नऊ रोपं टवटवीत, आणि टोकाची तीन, जिथे चादर पुरली नाही, ती उकडलेल्या पालकासारखी काळी.

ट्यूलिपवर सशांनी डल्ला मारला. जाळीच्या आतले तेवढे वाचले. डॅफोडिल विषारी असल्याने त्यांना कुणी शिवत नाही.

चास्का गावाच्या अर्बोरेटमला, म्हणजे झाडाफुलांच्या मोठ्या उद्यानालाही जाऊन आलो, गाडीने पाऊण तास. १९५८पासूनची ही बाग मिनेसोटा विद्यापीठाची आहे. हनीक्रिस्प सफरचंदही याच विद्यापीठाचं, १९९१ सालचं. मी मात्र तिथल्या अझेलियांपाशीच रेंगाळले. कळ्या उणे ३४ अंशांतही जिवंत राहाव्यात म्हणून या जाती विद्यापीठाने तयार केल्या. पान फुटायच्या आधीच झुडूप गुलाबी झालेलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात लायलॅक उमलला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली की फोडणीच्या वासावरही मात करायचा. पिओनीच्या कळ्या मात्र सुपारीएवढ्याच होत्या, टणक, आणि त्यांवर मुंग्या. मी पाण्याचा पाइप घेऊन निघाले, तर आजींनी अडवलं. कळीतून गोड रस पाझरतो, तो खायला मुंग्या येतात आणि बदल्यात इतर किड्यांना फिरकू देत नाहीत. त्यांच्या आईच्या अंगणातून आणलेला तो पिओनी गेली पन्नास वर्षं तसाच फुलतो आहे, मुंग्यांसकट.

माझं विमान २९ मेचं. फुलं जूनमध्ये येणार. टॅक्सीत बसताना लेकीला म्हटलं, ‘त्या मुंग्यांना हात लावू नकोस हं. आणि चादर धुवायला टाक.’